काँक्रीट ब्लॉकसाठी सिमेंटचा हिशेब

वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावर घोडबंदरचा किल्ला उभा आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला हा किल्ला 1737 साली मराठ्यांनी जिंकला. त्याच्या भिंती दगड-चुन्याच्या आहेत. आज हे गाव मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत असून बांधकामात दगडाची जागा बहुतांशी काँक्रीट ब्लॉकने घेतली आहे. शाळेचे कुंपण असो वा अंगणवाडीची भिंत, सिमेंटची किती पोती लागतील हा प्रश्न प्रथम पुढे येतो. अंदाज कमी पडला की काम अडते किंवा ब्लॉक कच्चे निघतात. जास्त झाला की सार्वजनिक पैसा वाया जातो. म्हणून हा हिशेब केवळ अभियंत्यालाच नव्हे, तर मुख्याध्यापक व पंचायत सदस्यांनाही अवगत असणे इष्ट आहे.

एका पोत्यात वीस ब्लॉक

उदाहरणादाखल, अशा खाडीकाठच्या गावात शाळेभोवती 50 मीटर लांब व 1.6 मीटर उंच भिंत बांधावयाची आहे असे समजू. क्षेत्रफळ 80 चौरस मीटर झाले. भरीव ब्लॉकचे माप 390 × 190 × 150 मिलिमीटर धरले, तर 10 मिलिमीटरच्या सांध्यासह एका चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक लागतात. म्हणजे एकूण ब्लॉक 1,000.

अशा 90 ब्लॉकचे घनफळ एक घनमीटर भरते. एक घनमीटर घट्ट काँक्रीटसाठी सुमारे 1.54 घनमीटर कोरडा माल घ्यावा लागतो. सिमेंट, वाळू व खडी यांचे प्रमाण 1:3:6 असल्यास सिमेंटचा वाटा दहावा, म्हणजे 0.154 घनमीटर. एका घनमीटर सिमेंटचे वजन 1,440 किलोग्रॅम धरल्यास हे सिमेंट सुमारे 222 किलोग्रॅम होते. म्हणजेच 50 किलोग्रॅमची साडेचार पोती. यावरून एका पोत्यात सुमारे वीस ब्लॉक निघतात. हजार ब्लॉकला 50 पोती व तुटफुटीसाठी पाच टक्के धरून 52 ते 53 पोती पुरेशी होतात. सांध्यांच्या 1:6 मसाल्यास आणखी पाच-सहा पोती लागतील. पाया, खांब व गिलावा यांचा हिशेब स्वतंत्र करावा.

ओल्या वाळूची फसगत

कोकणच्या दमट हवेत वाळू क्वचितच कोरडी असते. ओलसर वाळू फुगते व फर्म्यात प्रत्यक्षात कमी भरते. काचेच्या सरळ भांड्यात ती 20 सेंटिमीटर भरावी, मग पाण्यात पूर्ण बुडवून ढवळावी. ती 16 सेंटिमीटरवर बसली, तर फुगवटा 25 टक्के आहे. अशा वेळी तीन फर्म्यांऐवजी पावणेचार फर्मे वाळू घ्यावी. ही दुरुस्ती न केल्यास पोत्यामागे सुमारे एक ब्लॉक कमी निघतो आणि हजार ब्लॉकला तीन पोती अधिक लागतात. मग गवंड्यावर विनाकारण संशय येतो; किंवा तूट भरून काढण्यासाठी पुढील घाण्यांत सिमेंट कमी घातले जाते, हे त्याहून वाईट.

खाडीची खारी वाळू तशीच वापरू नये. तिच्यातील क्षारांमुळे भिंतीवर पांढरे डाग उमटतात व खांबांतील लोखंड गंजते.

नोंदवहीची शिस्त

एका पोत्याचे सिमेंट 35 लिटर भरते. म्हणून 30 × 30 × 39 सेंटिमीटरचा फर्मा करून वाळू व खडी त्यानेच मोजावी. घमेल्याचा अंदाज चालत नाही. भारतीय मानक 2185 नुसार ब्लॉकला किमान 14 दिवस पाणी द्यावे लागते. ही काटकसर केल्यास पुरेसे सिमेंट घालूनही ब्लॉक कच्चाच राहतो.

रोज फोडलेली पोती व पाडलेले ब्लॉक वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. पोत्यामागे विसाहून बरेच अधिक ब्लॉक दिसले, तर मिश्रण हलके आहे. बरेच कमी दिसले, तर वाळू ओली आहे किंवा सिमेंट अन्यत्र गेले आहे. मुलांच्या शाळेभोवतीची भिंत पक्की राहण्यासाठी एवढी साधी नोंदही मोठी उपयोगी ठरते.