सर्पगंधेचे मूळ आणि डॉ. वकील

मुंब्रा, ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण येथील कोणत्याही दवाखान्यात हे दृश्य दिसते. डॉक्टर एका वृद्ध गृहस्थांच्या दंडाला पट्टा बांधतात, त्यात हवा भरतात आणि आकडा पाहून म्हणतात, “चाचा, एकशे सत्तर! गोळी चुकली वाटतं?” चाचा हसतात. त्यांना कुठे काही दुखत नसते, म्हणून गोळी आठवत नाही.

हीच या रोगाची लबाडी आहे. हृदय रक्त पुढे ढकलते तेव्हा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर दाब पडतो. निरोगी माणसात तो साधारण १२०/८० असतो. तो वर्षानुवर्षे वाढलेला राहिला, तर हृदय थकते, मूत्रपिंडे बिघडतात आणि एखाद्या दिवशी मेंदूतील रक्तवाहिनी फुटते.

आज गोळी तरी आहे. १९४५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने वारले. अखेरच्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० भरला होता. एवढ्या मोठ्या माणसाजवळही खात्रीचे औषध नव्हते! त्या काळी डॉक्टर मीठ बंद करत, विश्रांती सांगत. फार झाले तर पाठीतील काही नसा कापत.

त्याच सुमारास मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील रुग्णांना एका मुळाच्या गोळ्या देऊन पाहत होते. त्यांचा जन्म १९११ सालचा. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मुंबईला परतले आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात हृदयरोगाचे काम करू लागले. आपल्या भागातील रुग्ण लोकलने परळला जातात, ते हेच रुग्णालय.

ते मूळ सर्पगंधेचे होते. हे लहानसे झुडूप सह्याद्रीच्या जंगलातही उगवते. वैद्य त्याला सर्पगंधा म्हणत, हकीम असरोल म्हणत. साप चावल्यावर, झोप येत नसल्यास किंवा वेड लागल्यास ते देण्याचा रिवाज जुना होता. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी त्याने रक्तदाब उतरतो असे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी या मुळातून काही शुद्ध द्रव्ये वेगळी केली. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले.

मग डॉ. वकील यांनी नवीन काय केले? माझ्या मते, त्यांनी मोजले. गुण येतो असे सांगणारे पुष्कळ होते. पण रक्तदाब भीतीने वाढतो, जिना चढल्याने वाढतो आणि नुसत्या विश्रांतीनेही उतरतो. तेव्हा उतरलेला दाब औषधामुळे उतरला हे कसे ओळखावे? त्यासाठी औषधापूर्वीचे आणि नंतरचे आकडे पुन्हा पुन्हा घेऊन ताडून पाहावे लागतात. हे काम चिकाटीचे असते. डॉ. वकील यांनी ५० रुग्णांवरील असा अभ्यास १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. बहुतेकांचा रक्तदाब उतरला होता.

तो लेख दूरवर पोहोचला. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून हे औषध मागवून आपल्या रुग्णांना दिले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी मुळातील मुख्य द्रव्य शोधले. त्याचे नाव रेसर्पिन. आपल्या नसांच्या टोकांशी एक द्रव्य साठवलेले असते. ते सुटले की रक्तवाहिन्या आवळतात. रेसर्पिन हा साठाच रिकामा करते. वाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो.

१९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९७४ साली त्यांचे निधन झाले.

या औषधात दोषही होते. नाक चोंदे, सुस्ती येई. काही रुग्ण फार उदास होत. त्याहून चांगली औषधे आल्यावर रेसर्पिन मागे पडले. आज ते क्वचितच दिले जाते. पण या दोषातूनही एक वाट निघाली. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल झालेले ससे दुसऱ्या एका द्रव्याने पुन्हा हालते केले. त्यातून कंपवाताच्या उपचाराची दिशा मिळाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जंगलातील सर्पगंधा मात्र उपटून उपटून कमी झाली. मूळच औषधी असल्याने ते काढले की झाड जाते. आता तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

स्वाध्याय
१. चाचांना गोळी का आठवत नाही?
२. रक्तदाब एकदाच मोजून का भागत नाही?
३. सर्पगंधेला तुमच्या घरी कोणते नाव माहीत आहे? वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : ताडून पाहणे, मागे पडणे.