वाया काही जात नाही

झाडाचे पान पिकते, गळते, मातीत पडते. गांडुळे आणि बारीक जंतू ते खातात. त्याचे खत होते. मुळे त्यातला रस घेतात आणि झाडाला नवी पाने फुटतात. झाडाच्या घरी कचरा नाही. एकाने टाकले ते दुसऱ्याचे अन्न. आपणही शेण आणि काडीकचरा उकिरड्यात घालून त्याचे खत करतो. हा धडा आपण झाडाकडूनच घेतला.

लोखंडाचे असे करता येईल का? येते.

जालना शहराजवळ एमआयडीसी, म्हणजे कारखान्यांची वसाहत आहे. तिथे लोखंडी सळ्यांचे मोठे कारखाने आहेत. घराच्या स्लॅबमध्ये घालतात त्याच या सळ्या. जालन्यात लोखंडाची खाण नाही. मग लोखंड येते कुठून? पुष्कळसे भंगारातून. मोडका फाळ, गंजलेला पत्रा, फुटकी घमेली आपण भंगारवाल्याला देतो. असे भंगार ठिकठिकाणांहून इथे येते.

विजेच्या भट्टीत ते वितळवतात. पाणी १०० अंशांवर उकळते. लोखंडाला सुमारे १६०० अंश उष्णता द्यावी लागते! तो रस साच्यात ओतून लांब ठोकळे करतात. त्यांना बिलेट म्हणतात. तापलेला ठोकळा रुळांमधून दाबत नेला की सळई होते. लालभडक सळईवर पाण्याचा मारा करतात. त्यामुळे वरची साल टणक होते, आतला गाभा चिवट राहतो. बांबूचे अंगही असेच असते, बाहेरून कठीण आणि आतून मऊ. म्हणून तो वाऱ्यात वाकतो, पण सहसा मोडत नाही.

खाणीतल्या दगडापासून नवे लोखंड काढायला पुष्कळ कोळसा जळतो. भंगारापासून केले तर इंधन वाचते. डोंगरही कमी खणावे लागतात.

तरी झाडाची बरोबरी अजून झालेली नाही. भट्टीतून धूर निघतो, तो गाळूनच बाहेर सोडला पाहिजे. भट्टीत मळ उरतो, त्यातले लोखंड वेचून घेतले पाहिजे. जालन्यात पाण्याची टंचाई असते. म्हणून सळई थंड करणारे पाणी पुन्हा पुन्हा वापरले पाहिजे.

हे झाले कारखान्याचे काम. आता आपले काम. उकिरड्यात काच पडली तर ती खताबरोबर शेतात जाते आणि आपल्याच पायात रुतते. भंगाराचेही तसेच आहे. तोंड बंद असलेला डबा किंवा गॅसची टाकी भंगारात मिसळू नका. ती भट्टीत पडली तर स्फोट होतो. तापलेला रस उडतो आणि कामगार भाजतात. भट्टीपाशी उभा असलेला माणूस आपल्याच गावचा असेल, आपल्याच घरचा असेल. म्हणून भंगार देण्याआधी ते निवडून द्या.

सांगा पाहू :
१. झाडाच्या घरी कचरा का नाही?
२. सळई आणि बांबू यांत सारखे काय?
३. तुमच्या घरच्या भंगारात कोणत्या वस्तू वेगळ्या ठेवाल?