ट्रक अपघातात घरचा माणूस गेल्यावर : कागद, कोर्ट आणि बँक

मीरा-भाईंदरच्या रहिवाशांची आणि ट्रकची गाठ रोजचीच आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, ज्याला आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ म्हणतात पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून 'आठ नंबर'च आहे, दहिसर नाक्यावरून काशिमीरा नाका ओलांडून वर्सोव्याच्या पुलाकडे जातो. ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता त्याला येथेच मिळतो. गुजरातकडचा माल, न्हावाशेव्याचे कंटेनर, रेती-खडीचे डंपर हे सारे याच वाटेने जाते आणि आपली माणसेही दुचाकीवर, रिक्षाने किंवा पायी याच वाटेने कामाला जातात.

आम्ही वकील नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारे आहोत. परंतु अशा प्रसंगी चार-पाच घरी जाण्याची वेळ आली आणि काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या विधवा भगिनींचे कागद हाताळण्याचीही. त्यातून जे कळले ते सभासद बंधू-भगिनींपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत. एक गोष्ट मनावर ठसली ती अशी की, दावा न्यायालयात उभा राहतो वर्षभराने, पण त्याचे बरेवाईट ठरते ते पहिल्या काही आठवड्यांतल्या कागदांवर. आणि नेमक्या त्याच दिवसांत घरचे लोक कागद पाहण्याच्या मनःस्थितीत नसतात. तेव्हा हे काम शेजाऱ्यांनी व नातेवाइकांनीच अंगावर घ्यावे लागते.

एका घरची हकीकत सांगतो. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात काम करणारा तरुण रात्रपाळीहून परतताना ट्रेलरखाली सापडला. चौथ्या दिवशी मालकाचा माणूस घरी आला, फार सौजन्याने बोलला, पन्नास हजार रुपये ठेवले आणि स्टॅम्पपेपरवर सही घेतली. घरच्यांना वाटले, क्रियाकर्मासाठी मदत मिळाली. त्या कागदावर लिहिले होते की अपघात मयताच्या चुकीने झाला व आमची काही तक्रार नाही. पुढे दाव्यात विमा कंपनीच्या वकिलाने तोच कागद काढला. न्यायाधिकरणाने दावा फेटाळला नाही, पण मयताचाही दोष धरून भरपाई कापली. आम्ही त्या घरी सातव्या दिवशी गेलो होतो. चौथ्या दिवशी गेलो असतो तर, ही रुखरुख अजून आहे.

आता क्रमाने पाहू. पहिली बाब पोलीस ठाण्याची. आपला भाग १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहे, परंतु दहिसर नाक्यापलीकडे मुंबई पोलिसांची हद्द लागते आणि घोडबंदर रस्त्याने पुढे गेल्यावर ठाणे शहराची. अपघात नक्की कोणाच्या हद्दीत, यावरून नातेवाइकांना इकडून तिकडे फिरावे लागू नये म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये कोणत्याही पोलीस ठाण्यात प्रथम खबर देण्याची सोय आहे. फिर्याद देणाऱ्यास खबरीची प्रत मोफत मिळते. ती मागून घ्यावी व तेथेच वाचावी. ट्रकचा नंबर बरोबर आहे काय, ट्रक कोणत्या दिशेने आला, दुचाकी कोणत्या बाजूला होती, हे नीट पाहावे. नंतर 'लिहिताना चुकले' म्हणून सांगणे फार अवघड जाते. घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, महानगरपालिकेचा मृत्यूदाखला यांच्या प्रती एका फाईलीत लावाव्यात. ट्रकच्या नंबरावरून मालक व विमा कंपनी यांची माहिती परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर मिळते. ती लगेच उतरवून ठेवावी.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी पोलिसांवरही मुदती घातल्या आहेत. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे जावा, १० दिवसांत कुटुंबाला त्यांच्या हक्कांची माहिती देणारा नमुना मिळावा आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल सादर व्हावा, असे हे नियम सांगतात. न्यायाधिकरण हा अहवाल दाव्याचा अर्ज म्हणूनही धरू शकते. तरीही त्यावर विसंबून राहू नये, स्वतःचा अर्ज द्यावाच.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. ड्रायव्हरवरचा फौजदारी खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागते, त्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वी ३०४-अ खाली ती २ वर्षे होती. तो खटला सरकार चालवते आणि त्यात दोष संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. भरपाईच्या दाव्यात तसे नाही, तेथे काय घडले असण्याचा संभव अधिक हे पाहिले जाते. ड्रायव्हर सुटला म्हणून दावा बुडत नाही, आणि 'केसचा निकाल लागू दे, मग बघू' म्हणून थांबणे तर आत्मघातकी ठरते.

कारण मुदत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अपघातापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. १९९४ च्या दुरुस्तीने ही मुदत काढून टाकली होती, म्हणून जुन्या माहितगारांच्या तोंडी अजूनही 'कधीही करता येतो' असे येते. ती मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश झाला. पण अंतरिम म्हणजे अंतिम नव्हे. सहा महिने हेच मनात धरून चालावे. शिवाय व्याज मिळते ते साधारणतः अर्जाच्या तारखेपासून, म्हणजे उशीर तसाही पदरचाच खर्च.

अर्ज कोठे करायचा? ट्रक राजस्थानचा, मालक गुजरातचा, अपघात मनोरजवळ, म्हणून तिकडे धावण्याचे कारण नाही. अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणातही दावा चालतो. आपल्यासाठी ते ठाण्याला. कोकणात गावी जाताना मुंबई-गोवा रस्त्यावर प्रसंग ओढवला तरी हेच लागू.

वकिलाच्या बाबतीत दोन शब्द. रुग्णालयाच्या दारातच 'मिळेल त्यातले पंचवीस टक्के द्या' म्हणणारे दलाल भेटतात. निकालावर अवलंबून फी ठरविणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. कोरा वकीलपत्र-कागद किंवा कोरा चेक तर कोणाच्याही हाती देऊ नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानुसार स्त्रिया, मुले व अनुसूचित जातींचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बौद्धांना अनुसूचित जातींत धरण्याची दुरुस्ती १९९० मध्ये झाली, म्हणून जातीचा दाखला असलेल्या पुरुष अर्जदारांसही ही सवलत आहे. स्त्रियांना तर त्याचीही गरज नाही. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. आपले लोक तेथे फार कमी जातात, याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

सून आणि सासू यांनी वेगवेगळे दावे लावू नयेत. पत्नी, मुले, आईवडील यांचा एकच अर्ज असावा. जो सही करणार नाही त्याला प्रतिवादी म्हणून दाखवावे लागते. विधवेने पुढे पुनर्विवाह केला तर तिचा हक्क जातो, हीही समजूत खोटी आहे. कामशेतजवळ २०१० मध्ये झालेल्या अपघातात पती गेला तेव्हा पत्नी १९ वर्षांची होती. पुढे तिने लग्न केले म्हणून विमा कंपनीने हरकत घेतली, ती २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मानली नाही.

भरपाई कशी काढतात हे विद्यार्थ्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ च्या दोन निकालांत रीत घालून दिली आहे. समजा, ३४ वर्षांचा स्वतःचा धंदा करणारा मनुष्य, कमाई महिना १५,००० रुपये, मागे पत्नी, दोन मुले व आई. चाळिशीच्या आतील म्हणून भावी वाढीचे ४० टक्के मिळवायचे, २१,००० झाले. अवलंबून चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. या वयाचा गुणक १६, म्हणजे ३०,२४,००० रुपये. शिवाय सहवास गमावल्याबद्दल प्रत्येकी ४०,००० आणि अंत्यविधी व मालमत्तेपोटी १५,०००-१५,०००, त्यांत दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. आता हीच कमाई १८,००० सिद्ध झाली असती तर मूळ रक्कम ३६,२८,८०० होते. महिना ३,००० चा कागद नसल्याने सहा लाखांवर पाणी! वर सांगितलेल्या कारखान्यातील तरुणाचे असेच झाले. पगार रोख, चिठ्ठी नाही. उलट एका भाजीवाल्याच्या घरच्यांनी दोन वर्षांचे पासबुक भरून आणले, त्यात मोबाईलवरून आलेले दहा-वीस-पन्नास रुपयांचे जमा ओळीने होते, आणि ते उपयोगी पडले. गृहिणी गेली तर 'ती कमवत नव्हती' म्हणून गप्प बसू नये. तिच्या घरकामालाही पैशातले मोल आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितले आहे.

कलम १६४ खाली कोणाची चूक हे न पाहता मृत्यूबद्दल ५ लाख रुपये मिळतात. जेथे चूक दाखविणे कठीण तेथे हा आधार मोठा आहे. पण विमा कंपनीच्या अधिकाऱ्याशी तडजोड करून हे पैसे स्वीकारले की कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. वरचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवूनच सही करावी. ट्रक पळून गेला व सापडलाच नाही तर सरकारी योजनेतून २ लाख मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात द्यायचा असतो.

विमा कंपन्या नेहमी म्हणतात की ड्रायव्हरचा परवाना चालत नव्हता. तरी बहुतेक वेळा न्यायाधिकरण कंपनीला आधी कुटुंबास पैसे देण्यास व मग मालकाकडून वसूल करण्यास सांगते. ट्रकला विमाच नसेल तर मात्र तो पोलिसांकडून सुटण्यापूर्वी वकिलामार्फत हरकत घ्यावी. आणि मालाच्या ट्रकवर फुकट बसून घरी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, अशा प्रवाशास विम्याचे संरक्षण नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आहे. नाक्यावरच्या मजूर बांधवांना हे जरूर सांगावे.

आता आमच्या खात्याचे. मयताचे पासबुक आधी भरून घ्या. मे-जूनच्या सुमारास २० रुपये वजा झाले असतील तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा, ४३६ असतील तर जीवन ज्योती. दोन्हींत २ लाखांचा विमा आहे. बँकेत लवकर कळवावे. आयुर्विम्याचे पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा होत नाहीत, हे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या खटल्यात १९९८ मध्येच ठरले आहे. त्याच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नयेत. दाव्यात आणि वारसांत दोन्हीकडे त्याचा त्रास होतो.

निकालाआधीच पत्नीने स्वतःच्या एकटीच्या नावे खाते उघडावे. दिराचे किंवा मदतनिसाचे नाव जोडू नये. मुलांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहतो, व्याज दरमहा आईच्या खात्यात येऊ शकते, आणि न्यायाधिकरणाच्या आदेशाशिवाय ठेव मोडता येत नाही की त्यावर कर्ज मिळत नाही. शिक्षणासाठी वा आजारासाठी मध्येच पैसे हवे असतील तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. बँकेत हुज्जत घालून उपयोग नाही, कारकुनाच्या हातात ते नसते. ठेवीच्या पावतीवर दाव्याचा क्रमांक आणि निकालाची तारीख मात्र आम्हा कारकुनांकडून आवर्जून लिहून घ्यावी. मूल अठरा वर्षांचे होऊन काउंटरपाशी येते तेव्हा आमच्यापैकी कोणीही त्या शाखेत उरलेले नसते.