कामवारीकाठचे भिवंडी

ठाणे जिल्ह्यात कामवारी नदीच्या काठी भिवंडी हे शहर वसले आहे. जुन्या काळी येथे बंदर होते. इ. स. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील अनेक विणकर कुटुंबे आपली हातमागाची कला घेऊन येथे आली. १९३० नंतरच्या दशकात विजेवर चालणारे माग आले आणि गल्लोगल्ली त्यांची खडखड घुमू लागली. मुंबईतील गिरण्यांच्या १९८२ च्या संपानंतर हे यंत्रमाग आणखी वाढले.

सुताला प्रथम खळ देतात. मग मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांतून धोटा आडवा धागा ओवीत धावतो. मागावर राबणाऱ्यांत कोणी मराठी बोलतो, कोणी उर्दू, तर कोणी तेलुगू. कापड मात्र एकच विणले जाते.

भिवंडीला कित्येक लोक ‘भारताचे मँचेस्टर’ म्हणतात. इंग्लंडमधील मँचेस्टर शहरही कापडाच्या उद्योगानेच भरभराटीस आले. परंतु कारखान्यांच्या सांडपाण्याने तेथील अर्वेल नदीतले मासे नाहीसे झाले. पुढे तेथील लोकांनी नदी स्वच्छ करण्याचे मनावर घेतले, तेव्हा मासे पुन्हा आले. आज कामवारीचे पाणीही सांडपाण्याने गढूळ झाले आहे. जे अर्वेलच्या काठी साधले, ते कामवारीच्या काठी का साधू नये?