लेखनकौशल्याचे मोल

बंगळूर शहरातील बसवनगुडी भागात एका रस्त्याला डी. व्ही. गुंडप्पा (१८८७–१९७५) यांचे नाव दिलेले आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांना आदर्श मानणाऱ्या या कन्नड लेखकाने १९४५ साली स्थापन केलेली ‘गोखले सार्वजनिक विचार संस्था’ याच परिसरात आहे.

गुंडप्पा मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले नव्हते. तरुणपणी त्यांनी सोडावॉटरच्या कारखान्यात काम केले, टांगे रंगवले. मात्र कन्नड, संस्कृत व इंग्रजी या भाषांचा व्यासंग त्यांनी सोडला नाही. या बळावर ते पत्रकार झाले. १९१३ मध्ये त्यांनी ‘कर्नाटक’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. पुढे ते म्हैसूरच्या विधान परिषदेचे सदस्य झाले. १९६७ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रमाणपत्राची उणीव त्यांच्या लेखणीने भरून काढली.

प्रत्येकाला साहित्यिक व्हायचे नसते. परंतु लेखन प्रत्येक व्यवसायात करावे लागते. परिचारिकेला रुग्णाची नोंद, लेखापालाला अहवाल, संस्थेच्या चिटणीसाला सभेचे इतिवृत्त लिहावे लागते. म्हणूनच मुख्य विषयाच्या जोडीला व्यावसायिक लेखन हा दुय्यम विषय उपयोगी ठरतो. व्यवसायाच्या ज्ञानाची जागा तो घेत नाही. ते ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोहोचवतो.

पुढील दोन तक्रारी पाहा :

(अ) पंप नीट चालत नाही. लक्ष द्यावे.

(आ) सोमवारपासून पंप दर दहा मिनिटांनी बंद पडतो. टाकी अर्धीच भरते. कृपया उद्या सकाळी कारागीर पाठवावा.

पहिली तक्रार वाचून कारागिराला पुन्हा चौकशी करावी लागेल. दुसरीत दोष, परिणाम आणि अपेक्षा स्पष्ट आहेत. वाचणाऱ्याचा वेळ वाचवणे, हेच व्यावसायिक लेखनाचे मोल होय.

मुलाखतीत ‘मला चांगले लिहिता येते’ एवढे सांगून हे मोल सिद्ध होत नाही. उमेदवाराने आपल्या लेखनाचे तीन-चार निवडक नमुने जवळ ठेवावेत. प्रत्येक नमुना कोणासाठी लिहिला, त्यात कोणती अडचण मांडली आणि त्यामुळे कोणते काम झाले, हे थोडक्यात सांगावे. खाजगी वा गोपनीय मजकूर मात्र नमुना म्हणून दाखवू नये.

स्वाध्याय

१. गुंडप्पांच्या जीवनात लेखनकौशल्य कसे उपयोगी पडले?

२. आपल्या परिसरातील एका अडचणीविषयी दोष, परिणाम व अपेक्षा स्पष्ट करणारा अर्ज लिहा.