सिस्टरच्या दुखण्याची चौकशी कोण करणार?

हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झालेल्या माणसाला डॉक्टर दिवसातून दोनदा भेटतात. उरलेला सगळा वेळ तो सिस्टरच्या हवाली असतो. सलाईन संपत आले, ताप चढला, आजोबांनी नळी ओढून काढली की हाक जाते ती ‘सिस्टर’ अशीच. (खेड्यात ‘नर्सबाई’. आता पुरुष परिचारकही आहेत, ते ‘ब्रदर’.) पण त्या सिस्टरला स्वतःला काय दुखते-खुपते, हे सहसा कोणी विचारत नाही, आणि न विचारता ती सांगत नाही.

सुईचेच उदाहरण घ्या. इंजेक्शन दिल्यावर घाईत वापरलेली सुई बोटाला टोचणे, हा या कामातला नेहमीचा धोका. पेशंटला बी प्रकारची कावीळ असेल आणि सिस्टरने लस घेतलेली नसेल, तर लागण होण्याची शक्यता शंभरात ६ पासून ३० पर्यंत असते. एचआयव्हीची शक्यता बरीच कमी, हजारात सुमारे ३. दोन्हींवर उपाय आहेत. जखम लगेच साबण-पाण्याने धुवावी. बोट पिळू नये, तोंडात घालू नये. पेशंटचे रक्त तपासावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. काविळीची लस तर नोकरीवर रुजू होतानाच घेता येते. आज पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा.

पण हे सगळे केव्हा? तर सुई टोचल्याचे तिने सांगितले तर! ‘लक्ष कुठे होते तुझे?’ हेच पहिले वाक्य ऐकावे लागणार असेल, तर ती मुकाट्याने बोट धुते आणि पुढच्या कॉटकडे जाते. तेवढ्यात ते मोलाचे तास निघून जातात. एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात वर्षभरात सुई टोचल्याची एकही नोंद नसेल, तर तिथे सुया टोचत नाहीत यावर माझा विश्वास बसत नाही. तिथे कोणी सांगत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्याकडे येणाऱ्या सिस्टर्स आधी सांगतात ती अ‍ॅसिडिटी, नाहीतर कंबरदुखी. जरा बसवून घेऊन विचारले की बाकीचे बाहेर येते. वार्ड सोडून जाता येत नाही म्हणून तासन्‌तास लघवी दाबून ठेवायची, आणि जावे लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचे. मग वारंवार जळजळ, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. जड पेशंटला एकटीने वळवून मणक्याचे दुखणे. रात्रपाळीनंतर घरी कुकरच्या शिट्ट्या आणि मुलांच्या शाळा. झोप येणार कुठून? झोप बिघडली की पाळी अनियमित होते, रक्तदाब आणि साखर वाढण्याचा संभव असतो, चिडचिड होते. यावर नुसत्या गोळ्या लिहून देऊन काय उपयोग? कामाच्या सततच्या ताणाने येणारा गळाठा, ज्याला ‘बर्नआउट’ म्हणतात, त्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोग म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. म्हणजे औषध कामाच्या जागीही शोधायला हवे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तळघरात हल्ला झाला. त्या तिथे कपडे बदलण्यासाठी गेल्या होत्या. त्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठी संप केला. पुढे १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, केईएमच्या परिचारिकांनीच अरुणाताईंची सेवा केली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण झाले नव्हते, याची सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात दखल घेतली. शिवाय अरुणाताईंना जगू द्यावे हे या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचे म्हणणे न्यायालयाने मानले. सर्वोच्च न्यायालयाने जे ऐकले, ते वार्डात आपण ऐकतो का? आपल्या गावच्या हॉस्पिटलात सिस्टर्सना कपडे बदलायला आतून कडी असलेली खोली आहे का, हे एकदा पाहावे.

हॉस्पिटल चालवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना सुचवावेसे वाटते. पाळी बदलताना सिस्टर्स एकमेकींना ‘ओव्हर’ देतात, त्या वेळी पेशंटबद्दल ऐकून झाले की आणखी दहा मिनिटे थांबा. ‘काल रात्री सगळ्यात त्रासाचे काय झाले?’ एवढेच विचारा आणि मध्ये बोलू नका. लगेच कारणे दाखवू नका. जे सुधारता येईल, मग ते बाथरूमचा दिवा का असेना, ते त्याच आठवड्यात करा. एकदा ऐकून काहीच झाले नाही, तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही. ड्युटीचा तक्ता लावण्याआधी घरात तान्हे मूल कोणाला आहे, पाठोपाठ रात्रपाळ्या कोणाच्या झाल्या, हेही विचारावे.

नातेवाइकांसाठीही थोडे. सलाईनला उशीर झाला तर एका सिस्टरकडे किती पेशंट आहेत, ते आधी मोजा. अंगावर धावून जाणाऱ्याला महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आणि सिस्टर्सहो, दोन आठवडे सलग झोप नाही, ड्युटीवर जायचे म्हटले की रडू येते, जगणे नकोसे वाटते, असे होत असेल तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना भेटा. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते, आणि तो रात्रपाळीतही चालू असतो.