जुनी पेडल्स निवडताना

गिटारच्या जुन्या पेडल्सचं वेड लागलं की माणूस आधी वाचत सुटतो, मग विकत घेत सुटतो. ऐकायचं तेवढं राहून जातं. बरीच वर्षं ही खोकी वाजवून, उघडून आणि विकून माझी जी मतं बनली, ती अशी.

१. नाव घेऊ नका, समोरचा नग घ्या.
लंडनचा फझ फेस १९६६चा. हेन्ड्रिक्समुळे तो घरोघरी पोचला. त्याच्या आत डझनभरसुद्धा सुटे भाग नाहीत; सगळा खेळ दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा. जर्मेनियमचा गेन एका नगात एक, तर दुसऱ्यात भलताच. त्यामुळे एकाच वर्षाचे, एकाच रंगाचे दोन फझ फेस शेजारी ठेवले तर एक गातो आणि दुसरा नुसता फुरफुरतो. परीक्षा सोपी आहे. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडून एक कॉर्ड वाजवा, मग व्हॉल्यूम सातच्या आसपास आणा. चांगल्या नगात घरघर विरते आणि स्वच्छ, चकाकता आवाज उरतो. शेवटचा स्वर तुटत तुटत संपला तर बायस हललाय असं समजा. (काहींना तेच आवडतं. मला नाही.) जर्मेनियमला उष्णताही सोसत नाही. मे महिन्यातल्या मुंबईच्या दुपारी जे पेडल नीट वाजलं, ते डिसेंबरात दगा देईल याची शक्यता कमी; उलटं मात्र सर्रास होतं. आणखी एक गोष्ट म्हणजे, यातली बरीचशी पेडल्स पॉझिटिव्ह ग्राउंडची असतात. इतर पेडल्सबरोबर एकाच अडॅप्टरवर लावली तर शॉर्ट झालंच. साधी नऊ व्होल्टची बॅटरी घाला आणि निर्धास्त राहा.

२. दोन रेझिस्टरसाठी महिन्याचा पगार घालू नका.
ट्यूब स्क्रीमर टीएस ८०८ आणि १९८२चा टीएस ९ यांच्या किमतीत प्रचंड तफावत आहे. सर्किटमधला खरा फरक मात्र आउटपुटजवळच्या दोन रेझिस्टरचा. ८०८मध्ये ते १०० ओहम आणि १० किलोओहमचे, तर ९मध्ये ४७० ओहम आणि १०० किलोओहमचे. सोल्डरिंग येणारा कुणीही अर्ध्या तासात ते बदलून देईल. हिरव्या रंगाची आणि जुन्या चौकोनी बटणाची हौस असेल तर गोष्ट वेगळी. हौसेला मोल नसतं, पण तिला आवाजाचं नाव देऊ नये.

३. चिपचा आग्रह धरायचाच, तर रॅटसाठी धरा.
मिशिगनमधल्या कॅलामझूच्या या पेडलमधली एलएम ३०८ चिप मुळातच संथ आहे. तिच्या संथपणामुळे वरच्या पट्टीतली कर्कश धार बोथट होते. नंतर चिप बदलली. फरक फार नाही, पण माझ्या कानाला कळतो.

४. 'बिघडलेलं' म्हणून विकायला ठेवलेलं बॉस आधी नीट पाहा.
सुरुवातीच्या काळातल्या बॉस पेडल्सवर एसीए अडॅप्टर वापरा असं लिहिलेलं असतं. तो जुन्या पद्धतीचा, बारा व्होल्टचा. त्यांना आजचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावला की दिवा मिणमिणतो, आवाज मरतो आणि मालक वैतागून स्वस्तात काढतो. खिशात ताजी बॅटरी ठेवा, तिथेच घालून बघा. दिवा ठणठणीत पेटला तर भाव करायला हरकत नाही.
बॉसचं पहिलंवहिलं पेडल, १९७६चं सीई १ कोरस, हे माझं सर्वात लाडकं. पण ते थेट विजेवर चालतं, तेही बहुतेकदा जपानच्या किंवा अमेरिकेच्या व्होल्टेजवर. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट खुपसलंत तर धूर निघेल. आधी स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणा, मग पेडल.

५. तळाचं झाकण उघडल्याशिवाय पैसे देऊ नका.
विकणारा नाही म्हणाला तर सरळ उठा. जुना सोल्डर करडा, निस्तेज दिसतो; मध्येच एखादा चकचकीत डाग दिसला तर तिथे कुणीतरी हात घातलाय. दुरुस्ती वाईट नसते, लपवलेली दुरुस्ती वाईट. अमेरिकी पेडल्समध्ये पॉटच्या पाठीवरचा आकडा वाचा. १३७ ही सीटीएस कंपनीची खूण. १३७७३३५ म्हणजे १९७३चा पस्तिसावा आठवडा. 'एकाहत्तरचं आहे' म्हणून गळ्यात मारणाऱ्याला हा आकडा शांतपणे दाखवावा. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर असेल तर भाव खाली आणा. आपल्या पावसाळी हवेत तो झपाट्याने पसरतो.

६. क्लॉनच्या वाटेला जाऊ नका.
बिल फिनेगनचं क्लॉन सेंटॉर १९९४मध्ये आलं. पेडल उत्तम आहे, यात वाद नाही. पण आज ते लाखांच्या घरात विकलं जातं. खुद्द फिनेगनने २०१२च्या केटीआर या पुढच्या पेडलवर छापून टाकलं की हा सगळा गाजावाजा आपण केलेला नाही. त्या पैशात एक चांगला अँप घ्या.